नौकानयनातील बेदरकारपणा आणि भारतीय न्याय संहिता : कलम २८२ ते २८४ ची चिकित्सा

प्रस्तावना :

१८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी नौकेवर नौदलाची एक वेगवान नौका आदळली. १५ जणांचा मृत्यू झाला. नौदलाची नौका त्यावेळी इंजिनाच्या चाचणीवर होती व इंजिनातील बिघाडामुळे तिच्यावरील ताबा सुटला, असे नौदलाने जाहीर केले. कुलाबा पोलीस ठाण्यात जो गुन्हा नोंदविला गेला त्यात भारतीय न्याय संहिता, २०२३ मधील कलम १०६(१), कलम १२५, मालमत्तेच्या नुकसानीसंबंधीचे कलम ३२४ आणि कलम २८२ यांचा समावेश होता. यांपैकी शेवटचे कलम जलयान बेदरकारपणे हाकारण्यासंबंधीचे आहे. नवी संहिता १ जुलै २०२४ रोजी अंमलात आल्यानंतर अवघ्या साडेपाच महिन्यांत हे एरवी क्वचितच चर्चेत येणारे कलम वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले.

नव्या संहितेवरील चर्चा राजद्रोह, संघटित गुन्हेगारी, सामुदायिक सेवा, झुंडबळी अशा विषयांभोवतीच प्रामुख्याने फिरत राहिली. सार्वजनिक सुरक्षिततेच्या प्रकरणातील लहान कलमे केवळ क्रमांक बदलून पुढे आली, असा सर्वसाधारण समज झाला. नौकानयनाच्या बाबतीत हा समज पूर्णतः बरोबर नाही. शब्द तेच राहिले असले तरी शिक्षेच्या रकमा बदलल्या, आणि त्या बदलांमागे कोणता विचार होता हे शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. जलयानासंबंधीची ही कलमे अपघात घडण्यापूर्वीच्या धोक्यासाठी रचली गेली होती. नव्या संहितेने मृत्यूनंतरची शिक्षा वाढविली, धोक्याची शिक्षा मात्र १८६० मध्ये होती तेथेच ठेवली. पाण्यावरील फौजदारी कायदा त्यामुळे पूर्वीपेक्षाही अधिक प्रमाणात मृतदेहांची वाट पाहणारा कायदा झाला आहे.

क्रमांकांची गुंतागुंत व दंडाच्या रकमा :

भारतीय दंड संहितेचे कलम २८० हे आता न्याय संहितेचे कलम २८२ झाले आहे. खोटा दिवा, खूण किंवा बोया दाखविण्यासंबंधीचे जुने कलम २८१ आता २८३ आहे. भाडे घेऊन असुरक्षित किंवा अतिभारित जलयानातून माणसे नेण्यासंबंधीचे जुने कलम २८२ आता २८४ आहे. म्हणजे '२८२' हा आकडा दोन्ही संहितांत आहे आणि दोन्हींत तो जलयानाविषयीच बोलतो. परंतु जुन्या संहितेत तो नौकेच्या मालकाकडे वा चालकाकडे अतिभाराचा जाब मागतो, तर नव्यात सुकाणू धरणाऱ्याच्या बेदरकारपणाचा. १ जुलै २०२४ पूर्वीच्या अपराधांना जुनीच संहिता लागू असल्याने एकाच न्यायदंडाधिकाऱ्यासमोर दोन्ही '२८२' एकाच सकाळी येऊ शकतात. अध्यापकांनी विद्यार्थ्यांना तक्ते पाठ करावयास लावण्यापूर्वी एवढी एक गोष्ट जरूर सांगावी.

जुन्या कलम २८० खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. जुन्या कलम २८२ खालीही नेमकी हीच शिक्षा होती. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालविण्याच्या कलम २७९ खालीही हीच. १८६० च्या संहिताकारांनी या तिन्ही अपराधांना एकाच पारड्यात ठेवले होते. त्या पारड्याचे वजन आज हास्यास्पद वाटले तरी त्यात एक सुसंगती होती. न्याय संहितेने कारावासाची मर्यादा तिन्ही ठिकाणी सहा महिनेच ठेवली. दंड मात्र तीन वेगवेगळ्या दिशांना गेला. रस्त्यावरील बेदरकारपणाचा दंड (कलम २८१) एक हजार रुपयेच राहिला. जलयान बेदरकारपणे हाकारण्याचा दंड (कलम २८२) दहा हजार झाला. अतिभारित नौकेतून भाड्याने प्रवासी नेण्याचा दंड (कलम २८४) पाच हजार झाला.

रस्त्यासाठी मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे स्वतंत्र कलम १८४ असल्याने तेथील एक हजाराकडे दुर्लक्ष करता येईल. परंतु २८२ व २८४ यांच्यातील तफावतीला असे कोणतेही स्पष्टीकरण देता येत नाही. एकाच जलमार्गावर, एकाच नौकेच्या संदर्भात, मजुरीवर सुकाणू धरणाऱ्या तांडेलाला होऊ शकणारा दंड हा क्षमतेपेक्षा अधिक तिकिटे विकून नफा मिळविणाऱ्याच्या दंडाच्या दुप्पट झाला आहे. हा विधिमंडळाचा हेतू होता असे म्हणणे कठीण आहे. तो मसुदाकारांचा अनवधानाचा परिणाम असावा, असे मानणेच अधिक उचित ठरेल. पण अनवधानाने झालेला कायदाही कायदाच असतो.

तांडेल आणि मालक :

'नीलकमल' नौकेस ८४ प्रवासी व ६ कर्मचारी नेण्याची परवानगी होती आणि अपघाताच्या वेळी तीवर शंभराहून अधिक माणसे होती, असे त्यावेळी सांगण्यात आले. अतिभारामुळे ही टक्कर झाली नाही, हे उघड आहे. तथापि टक्कर झाल्यावर किती माणसांना जीवरक्षक जाकीट मिळाले, किती जणांना बाहेर पडण्यास वाट मिळाली, हे प्रश्न नौकेवरील संख्येशी बांधलेले असतात. अशा वेळी कलम २८४ चे वैशिष्ट्य लक्षात येते. या कलमास कार्यकारणभाव सिद्ध करावा लागत नाही. नौका इतकी भरलेली होती की त्यामुळे माणसांचा जीव धोक्यात आला आणि हे जाणूनबुजून किंवा हयगयीने घडले, एवढे पुरेसे आहे. नौका सुखरूप धक्क्याला लागली तरीही अपराध पूर्ण झालेला असतो.

कोकण किनाऱ्याला या कलमाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली व सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या अमावास्येची आठवण रायगड जिल्ह्यातील गावांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. अलीकडे, मे २०२२ मध्ये, तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. महाराष्ट्राबाहेरची उदाहरणे याहून भीषण आहेत. ७ मे २०२३ रोजी केरळमधील तानूर येथे पर्यटक नौका उलटून २२ जण बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेले १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या.

या शेवटच्या दोन प्रकरणांत तपास यंत्रणेने काय केले हे पाहण्यासारखे आहे. तानूरमध्ये नौकेच्या मालकावर खुनाचे कलम लावण्यात आले आणि हरणी प्रकरणात सदोष मनुष्यवधाचे. ज्या अपराधासाठी संहितेत अगदी नेमके कलम आहे, त्या अपराधाला पोलीस थेट ३०२ किंवा ३०४ च्या चौकटीत बसवू पाहतात, याचा अर्थ नेमके कलम कोणालाच पुरेसे वाटत नाही. मात्र खून किंवा सदोष मनुष्यवध सिद्ध करण्यासाठी उद्देश किंवा जाणीव यांची जी पातळी गाठावी लागते ती अतिभारित नौकेच्या प्रकरणात गाठणे अवघड असते. लोकक्षोभाच्या दिवशी लावलेले भारी कलम काही वर्षांनी न्यायालयात टिकले नाही, तर मागे उरते ते सहा महिन्यांचे कलम. मधली पायरी संहितेत नाही. नव्या संहितेला ती बांधण्याची संधी होती.

अमेरिकेच्या संघीय कायद्यात ही पायरी फार पूर्वीपासून आहे. वाफेच्या बोटींच्या स्फोटांमुळे १८३८ साली तेथे जो कायदा झाला, त्याच्या आजच्या रूपात कप्तान व खलाशी यांच्याबरोबरच जहाजाचा मालक, भाडेपट्टेदार, तपासणी अधिकारी आणि कंपनीचे जबाबदार पदाधिकारी यांनाही मृत्यूस कारणीभूत हयगयीबद्दल दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अर्थात तो कायदाही मृत्यूनंतरचाच आहे, आणि कॅलिफोर्नियाजवळ २०१९ मध्ये जळालेल्या 'कन्सेप्शन' नौकेच्या प्रकरणी, जेथे ३४ जण गेले, दोषी ठरला तो कप्तानच. तरीही मालकाचे नाव त्या कलमाच्या शब्दांत आहे. भारतीय कलम २८४ मध्ये ते 'जो कोणी नेईल किंवा नेववील' या शब्दांतून काढावे लागते.

बेदरकारपणाची व्याप्ती :

कलम २८२ ची शब्दयोजना मात्र, तिच्या निर्मात्यांना श्रेय द्यावे इतकी, व्यापक आहे. 'जलयान' म्हणजे पाण्यावरून माणसे किंवा मालमत्ता वाहून नेण्यासाठी बनविलेली कोणतीही वस्तू. ती होडी असो, बार्ज असो वा कंटेनर जहाज असो. याची किंमत इंग्लंडच्या अनुभवावरून कळते. तेथील अपील न्यायालयाने २००५ साली गुडविन खटल्यात असे ठरविले की, जेट-स्की हे व्यापारी नौवहन कायद्याच्या अर्थाने 'जहाज' नव्हे. ती पोकळी भरून काढण्यास २०२३ चा स्वतंत्र आदेश लागला. मालवण, अलिबाग किंवा कळंगुट येथील किनाऱ्यावर माणसांच्या गर्दीत जेट-स्की घुसविणाऱ्यास मात्र दीडशे वर्षांपूर्वीची भारतीय व्याख्या सहज कवेत घेते. रस्त्याच्या कलमात 'सार्वजनिक मार्गावर' अशी अट आहे. जलयानाच्या कलमात स्थळाची अशी कोणतीही अट नाही, हाही एक लक्षणीय भेद होय.

आणखी एक बाब सहसा नजरेतून सुटते. हे कलम मानवी जीविताला धोका किंवा दुखापत यांवर थांबत नाही, तर अन्य व्यक्तीला 'क्षती' पोहोचण्याचा संभवही त्यात येतो. आणि संहितेतील व्याख्येनुसार क्षती म्हणजे शरीर, मन, लौकिक किंवा मालमत्ता यांस बेकायदेशीरपणे केलेले कोणतेही नुकसान. मासेमारीच्या क्षेत्रात शिरून डोलीची जाळी तोडत जाणाऱ्या मोठ्या जहाजाविरुद्ध या कलमाचा आधार घेता येऊ शकतो, अगदी त्यात कोणी जखमी झाले नसले तरी. मच्छीमार सहकारी संस्थांच्या तक्रारी बहुधा नुकसानभरपाईच्या अर्जांत विरून जातात. कलमातील हा एक शब्द त्यांच्या उपयोगाचा आहे.

'बेदरकारपणा' व 'हयगय' यांतील फरक अलाहाबाद उच्च न्यायालयाने ईदू बेग खटल्यात १८८१ मध्येच स्पष्ट केला होता. कृत्य धोक्याचे आहे हे ठाऊक असून, काही होणार नाही अशा आशेवर ते करणे हा बेदरकारपणा. आणि जी काळजी घेणे कर्तव्य होते ती ढोबळ प्रमाणात न घेणे ही हयगय. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी जबाबदारीसाठी हयगय ठळक व गंभीर असली पाहिजे, असे सांगितले. या कसोट्या समुद्रावर लावताना १९७२ चे टक्करप्रतिबंधक आंतरराष्ट्रीय नियम मोजपट्टीचे काम करतात. सतत टेहळणी ठेवणे, परिस्थितीस साजेसा सुरक्षित वेग राखणे, टक्कर टाळण्यासाठी वेळीच व ठळक हालचाल करणे हे नियम सर्व नौकांना लागू आहेत. नियमभंग म्हणजे आपोआप अपराध नव्हे. पण तो पुराव्याचा प्रारंभबिंदू होय.

येथे 'यंत्र बिघडले' या बचावाचा विचार करावा लागतो. कोणत्याही विशिष्ट प्रकरणातील दोष ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. तत्त्व म्हणून मात्र असे म्हणता येईल की, बेदरकारपणा टक्करीच्या क्षणीच शोधण्याचे कारण नाही. न तपासलेल्या इंजिनाची वेगवान चाचणी प्रवासी नौकांच्या नित्याच्या मार्गावर घेण्याचा निर्णय कोणी घेतला असेल, तर तपासाचा विषय तो निर्णय असला पाहिजे. थ्रॉटल अडकण्याच्या सेकंदात चालकाच्या हाती फारसे उरलेले नसते. येथेही कलमातील 'हाकारील' हे क्रियापद अडचणीचे ठरते. ते सुकाणूवरील हाताकडे बोट दाखविते, आदेश देणाऱ्याकडे नाही. शिवाय सशस्त्र दलातील व्यक्तीने अधिकृत कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल नागरी सुरक्षा संहितेच्या कलम २१८ नुसार केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीविना न्यायालयास दखल घेता येत नाही, हा टप्पा वेगळाच.

धोक्याचे कलम मृत्यूच्या कलमाहून कसे उपयोगी ठरते याचे उत्तम उदाहरण मुंबईचेच आहे, जरी ते पाण्यावरचे नसून आगीचे आहे. कुर्बान हुसेन रंगवाला खटल्यात (१९६५) रंगाच्या कारखान्यातील आगीत कामगार मरण पावले. मृत्यूचे निकटचे कारण दुसऱ्याच कामगाराची घाई हे असल्याने सर्वोच्च न्यायालयाने व्यवस्थापकाला कलम ३०४-अ मधून मुक्त केले. परंतु ज्वालाग्राही पदार्थांबाबत हयगय केल्याबद्दल कलम २८५ खालील दोषसिद्धी कायम ठेवली. मालकाचा अतिभार आणि दुसऱ्या नौकेची धडक अशी दोन कारणे एकत्र येतात, तेव्हा हाच तर्क कलम २८४ च्या मदतीला येईल. मात्र हाती लागणारी शिक्षा असेल सहा महिन्यांपर्यंतची, किंवा नुसता पाच हजारांपर्यंतचा दंड.

खोटा दिवा :

शिक्षेच्या या उतरंडीत सर्वांत वर आहे कलम २८३. नाविकाची दिशाभूल करण्यासाठी खोटा दिवा, खूण किंवा बोया दाखविणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास आणि आता किमान दहा हजार रुपये दंड. किनाऱ्यावर कंदील हलवून जहाजे खडकावर आणणाऱ्या लुटारूंचा काळ गेला. आजची खोटी खूण इलेक्ट्रॉनिक असते. स्वयंचलित ओळखप्रणालीवर दिसणारे बनावट स्थान किंवा उपग्रहीय संकेतांतील फेरफार. दंडविषयक तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावावयाचा असल्याने हे 'खूण' या शब्दात बसविताना सरकारी वकिलाची कसोटी लागेल. २०२३ साली नव्याने लिहिलेल्या संहितेत १८६० चा कंदील तसाच तेवत राहिला, ही गोष्ट तिच्या आधुनिकतेच्या दाव्याशी जुळणारी नाही.

बारा मैलांपलीकडे :

२५ मे २०२५ रोजी 'एमएससी एल्सा ३' हे लायबेरियाच्या ध्वजाखालील जहाज केरळच्या किनाऱ्यापासून चौदा सागरी मैलांहून अधिक अंतरावर बुडाले. त्यावर ६४० कंटेनर होते व त्यांपैकी १३ मध्ये घातक माल होता. फोर्ट कोची येथील किनारी पोलिसांनी जहाजाचा मालक, कप्तान व खलाशी यांच्याविरुद्ध जो गुन्हा नोंदविला त्यात कलम २८२ होतेच. येथे प्रश्न हद्दीचा उभा राहतो. प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैलांवर संपतो. त्यापलीकडे राज्याच्या पोलिसांना अधिकार नाही, तो केंद्राचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 'एन्रिका लेक्सी' प्रकरणी जानेवारी २०१३ मध्ये ठरविले होते. त्याच निकालात गोळीबार ही 'नौकानयनातील घटना' नव्हे, म्हणून समुद्रविषयक संयुक्त राष्ट्रांच्या करारातील अनुच्छेद ९७ तेथे लागू होत नाही, असेही म्हटले गेले.

बेदरकार नौकानयन मात्र अनुच्छेद ९७ च्या अगदी मध्यभागी येते. टक्कर किंवा नौकानयनातील अन्य घटनेबद्दल कप्तानावर फौजदारी कारवाईचा अधिकार ध्वजराष्ट्राला किंवा त्या व्यक्तीच्या स्वतःच्या राष्ट्रालाच, असे तो अनुच्छेद सांगतो. १९२७ च्या 'लोटस' निकालाने तुर्कस्तानला फ्रेंच अधिकाऱ्यावर खटला चालविण्याची मुभा दिली होती. तिला उत्तर म्हणून हा नियम उदयास आला. परिणामी गोळ्या झाडणाऱ्यावर भारतात खटला चालू शकतो, पण त्याच ठिकाणी मासेमारी नौका चिरडून जाणाऱ्या परदेशी कप्तानाबाबत तो अधिकार शंकास्पद ठरतो.

संहिताबदलाने यात एक नवीन धागा गुंतविला आहे. अनन्य आर्थिक क्षेत्रास दंड संहिता व फौजदारी प्रक्रिया संहिता लागू करण्यात आल्या त्या १९७६ च्या सागरी क्षेत्र अधिनियमाखालील, २७ ऑगस्ट १९८१ च्या अधिसूचनेने. दोन्ही संहिता आता निरसित झाल्या आहेत. ती अधिसूचना सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ८ च्या आधारे नव्या संहितांना लागू समजून वाचता येईल, आणि तसे वाचणेच योग्य. परंतु आरोपीच्या वतीने पहिला आक्षेप येथूनच घेतला जाईल, हे भाकीत करण्यास फार विद्वत्ता लागत नाही.

मुदतीचा प्रश्न :

मृत्यूच्या कलमात झालेला बदल मोठा आहे. जुन्या ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही होते. नव्या १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत कारावास आणि शिवाय दंड. अपघातस्थळाहून पळून जाणाऱ्यासाठीचे कलम १०६(२) हे १ जुलै २०२४ च्या अंमलबजावणीतून वगळण्यात आले; त्यातही शब्द 'वाहन' असा आहे, त्यामुळे बुडणाऱ्यांना सोडून निघून जाणारी नौका त्याच्या कक्षेत येईल असे वाटत नाही.

कोणी मरण पावले नाही तर काय, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. सहा महिन्यांच्या अपराधाची दखल घेण्यास नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ नुसार एक वर्षाची मुदत आहे. अधिक गंभीर अपराध सोबत असेल तर त्याची मुदत धरली जाते, म्हणून प्राणहानी झालेल्या प्रकरणांत अडचण येत नाही. केवळ धोका निर्माण झाला, नौका थोडक्यात बचावली, जाळी तुटली, अशा प्रकरणात मात्र २८२ एकटेच असते. पंचनामा, नौकेचे सर्वेक्षण, बंदर अधिकाऱ्याचा अहवाल, इंजिनाची तांत्रिक तपासणी, परदेशी खलाशांचे जबाब ही कामे वर्षभरात आटोपतातच असे नाही. नव्या संहितेने मुदत मोजताना फिर्याद नोंदविल्याचा दिवस हा संबंधित दिनांक धरावा असे स्पष्टीकरण जोडले, तेवढा दिलासा खरा. विलंब माफ करण्याचा न्यायालयाचा अधिकारही कायम आहे. कारावासाची मर्यादा सहा महिन्यांऐवजी दीड वर्ष केली असती, तर हीच मुदत आपोआप तीन वर्षांची झाली असती.